सातव्या हाडाचा आगाऊपणा

मोठ्या बाईंच्या घरात आणि कारखान्यात मिळून कायदा एकच होता: खांदे उडवायचे नाहीत. विचारलेल्या गोष्टीचे उत्तर ठाऊक असेल तर द्यावे, ठाऊक नसेल तर तसे तोंडाने सांगावे, आणि तोंड उघडण्याचा कंटाळा असेल तर बाहेर जाऊन उभे राहावे. पण समोरच्याच्या प्रश्नावर दोन्ही खांदे कानांपर्यंत नेऊन सोडून देणे म्हणजे त्याचा प्रश्न केरात टाकणे, असे त्यांचे मत होते. या एका गुन्ह्यासाठी त्यांनी सख्ख्या दिराला भरल्या ताटावरून उठवले होते. दीर पुढे नामांकित वकील झाला, भल्याभल्यांना त्याने कोर्टात घाम फोडला. पण वहिनींसमोर बसताना अजूनही तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसत असे.

त्यांची स्वतःची उभे राहण्याची रीत पाहण्यासारखी होती. छाती पुढे, खांदे मागे आणि खाली, मान अशी की डोक्यावर काठोकाठ भरलेला पेला ठेवावा आणि थेंब सांडू नये. त्यांच्यासमोर आलेला माणूस नकळत आपलीही पाठ सरळ करी. पोस्टमनसुद्धा त्यांच्या दारात सलाम ठोकल्यासारखा उभा राही आणि गल्लीच्या वळणावर गेला की मगच सैल होई.

कारखाना शर्टांचा होता. तळमजल्यावर शिलाई मशीनच्या रांगा, खिडक्यांशी इस्त्रीची टेबले, कोपऱ्यात पडदा लावलेली ट्रायल रूम, आणि मधोमध कापणीचे भले मोठे टेबल. बाह्या, पाठ, खिसे हे बाकीचे कापत. कॉलर मात्र मोठ्या बाई स्वतः कापत. शर्ट म्हणजे कॉलर, उरलेले कापड तिला खाली लोंबायला दिलेले असते, असे त्या गिऱ्हाइकांना ऐकवत. शहरातल्या निम्म्या प्रतिष्ठित माना त्यांना मापाने पाठ होत्या. न्यायाधीशाची मान, दंतवैद्याची मान, बँकेच्या मॅनेजरची दर वर्षी फुगत जाणारी मान.

थोरला मुलगा चौपन्न वर्षांचा होऊनही कफ आणि काज-बटणांवरच होता. कॉलरला हात लावण्याची परवानगी त्याला अजून मिळाली नव्हती. त्याने कधी विषय काढलाच, तर मोठ्या बाई टेबलावर कात्री आपटून म्हणत, "ज्या दिवशी ही कात्री माझ्या हातून खाली पडेल, त्या दिवशी मी या टेबलावरून उठेन. तोवर कफ नीट कर." हे वाक्य सगळ्या कारखान्याने इतक्या वेळा ऐकले होते की नवीन आलेला कारागीरही ते पहिल्याच आठवड्यात म्हणून दाखवी.

आणि कात्री पडली होती.

भर दुपारी, मशीनचा धडधडाट चालू असताना, एका वकिलाच्या कॉलरच्या टोकाशी त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट एकदम परके झाले. जणू दुसऱ्याच कोणाची बोटे कोणीतरी आपल्या हाताला शिवून ठेवली आहेत. कात्री निसटली आणि लाकडी फरशीवर आदळली. मोठ्या बाईंनी क्षणात तिच्यावर पाय ठेवला, मान तशीच ताठ ठेवली आणि खणखणीत आवाजात फर्मावले, "सगळे चहाला जा." चहाची वेळ नव्हती. पण मोठ्या बाईंनी चहाला जा म्हटल्यावर घड्याळाकडे पाहण्याची हिंमत कोण करणार?

दुसऱ्या दिवसापासून त्यांची कात्री रेशमी फितीने मनगटाला बांधलेली दिसू लागली.

"फीत कशाला, आई?" थोरल्याने विचारले.

"कोणी उचलू नये म्हणून."

थोरला गोरामोरा झाला. एकदा त्याने ती खरोखरच उचलली होती, आणि एका जुन्या चादरीतून कॉलर कापून पाहिली होती.

मोठ्या बाईंच्या बोटांना मुंग्या येत होत्या ही गोष्ट जगात त्यांच्याखेरीज कोणालाही ठाऊक नव्हती. डॉक्टरकडे जावे, तर प्रतीक्षागृहात बसलेला प्रत्येक जण त्यांचे गिऱ्हाईक निघणार. न जावे, तर फीत किती दिवस पुरणार? अशा विवंचनेत असताना तोडगा ताटावर वाढून यावा तसा आला.

त्यांची धाकटी सून निसर्गविज्ञानाच्या संग्रहालयात हाडांच्या विभागात संशोधन करी. धाकटा मुलगा बोटीवर इंजिनियर, त्यामुळे तो पाण्यावर आणि ही हाडांत. कारखान्यातले लोक तिला 'हाडांच्या वहिनी' म्हणत. तिचा सगळा अभ्यास एकाच गोष्टीचा होता: माणसांच्या आणि इतर प्राण्यांच्या मानेतली हाडे. मोठ्या बाईंना हा अभ्यास मनातून पसंत होता. घरात दुसरे कोणीतरी मानेची कदर करणारे आहे, एवढे त्यांना पुरे होते. अर्थात, सुनेला तसे सांगण्याचे त्यांनी टाळले होते.

एका रात्री जेवताना धाकटी म्हणाली, "जिराफाच्या मानेत हाडं किती असतील, सांगा पाहू."

"शंभर," थोरला म्हणाला.

"सात."

"मग उंदराच्या?"

"सात. देवमाशाच्या सात, वटवाघळाच्या सात, तुमच्याही सातच."

"म्हणजे मी आणि जिराफ सारखे?" थोरल्याने आपली मान चाचपून पाहिली. तिथे चाचपण्यासारखे फारसे नव्हते. त्याची हनुवटी संपली की थेट शर्टाचे दुसरे बटण सुरू होई.

"हाडांची संख्या सारखी, भाऊजी. त्याचं एकेक हाड वीतभराहून लांब. पक्ष्यांचं वेगळं असतं. घुबडाला चौदा, हंसाला वीस-पंचवीससुद्धा. आणि बेडकाला एकच."

"म्हणूनच बेडूक मान वळवून पाहत नाही, अख्खाच वळतो," मोठ्या बाई म्हणाल्या. "आपला जुना हिशेबनीस तसाच वळायचा. नंतर कळलं की त्याला ऐकूच येत नव्हतं. बरं, तुझं अडलंय कुठे? आज भात चिवडते आहेस."

"माणसांवर अडलंय, आई. प्राणी कपाटात आहेत, ते पळून जात नाहीत. पण मला साध्या, धडधाकट माणसांच्या मानेचे एक्स-रे हवेत, विशेषतः वयस्करांचे. हॉस्पिटल काढून देईल. माणसं मात्र तयार होत नाहीत."

थोरला एकदम पाणी आणायला उठला. थोरली सून म्हणाली, "मला नको बाई, त्यात आतलं सगळं दिसतं."

मोठ्या बाईंनी घास संपवला, तोंड पुसले, आणि एखादे संस्थान दान करावे अशा थाटात म्हणाल्या, "माझा काढ."

धाकटीचा हात ताटातच थांबला. "तुम्ही, आई?"

"विज्ञानाला माझ्या मानेची गरज असेल, तर मी नाही म्हणणार नाही. एकच अट. काढलेला फोटो आधी मला दाखवायचा. आणि मला समजेल असं सांगायचं."

मानेत काही अडकले की हाताची बोटे बधिर होतात, हे त्यांनी गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकले होते. अशा रीतीने, डॉक्टरांचे तोंडही न पाहता, आपल्या बोटांचा चोर शोधण्याची सोय त्यांनी विज्ञानावर उपकार करता करता करून घेतली.

मात्र आपली मान द्यायची तर आधी दुकान पाहिलेच पाहिजे, म्हणून त्या संग्रहालयात गेल्या. हाडांची खोली लांबट होती, खिडक्यांना जाड पडदे, आणि भिंतीभर उथळ खणांची कपाटे. अगदी बटणांच्या कपाटासारखी. धाकटी एकेक खण ओढून दाखवीत होती. प्रत्येक मान तारेत ओवून, हाडांना क्रमाने आकडे घालून ठेवलेली. मोठ्या बाईंनी चष्मा चढवला आणि गळ्यातला टेप काढला.

"आई, मापं आम्ही घेतलेली आहेत."

"तुम्ही घेतली असतील. मी घेतलेली नाहीत."

जिराफाची मान त्यांनी खांद्यापासून कवटीपर्यंत मापली आणि समाधानाने मान हलवली. "याला कॉलर शोभेल. कापड किती लागेल ते मात्र विचारू नकोस." हंसाच्या मानेला त्या बराच वेळ बोटे लावून पाहत राहिल्या. देवमाशाची मान पाहून मात्र त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सात हाडे होती खरी. पण एकमेकांना चिकटून त्यांची एक जाड चकती झाली होती.

"हे काय? कॉलर ताठ ठेवणाऱ्या बक्रमवर तापलेली इस्त्री विसरल्यासारखं?"

"त्याला पाण्यात मान वळवायची नसते, आई. ताठ राहिलेली बरी असते. म्हणून ती एकजीव झाली."

मोठ्या बाईंच्या आठ्या गेल्या. देवमाशाबद्दल त्यांना एकदम आदर वाटला.

शेवटच्या खणात झाडाला उलटा लोंबकळून आयुष्य काढणाऱ्या स्लॉथची मान होती. तिच्यात हाडे नऊ.

"सुस्त प्राण्याला दोन जास्त?"

"तोच तर माझा प्रश्न आहे. सगळे सातावर अडून बसलेत, आणि हा बिनदिक्कत नियम मोडतो. याच्याच दुसऱ्या एका भाऊबंदाला तर कधीकधी सहाच असतात."

"कष्ट केले नाहीत की घराण्यात हे असे घोळ होतात," मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी खण स्वतःच्या हाताने बंद केला.

एक्स-रे काढणारा तंत्रज्ञ तरुण आणि उतावळा होता. "आजी, ताठ उभ्या राहा, खांदे खाली, हनुवटी..." इथपर्यंत म्हणून त्याने वर पाहिले आणि तो थबकला. "अं... तशाच राहा. तुम्ही राहिल्याच आहात."

"आणि तू असा प्रश्नचिन्हासारखा का उभा आहेस?" मोठ्या बाईंनी विचारले. तंत्रज्ञाने यंत्रामागे जाऊन पाठ सरळ केली. त्याचा स्वतःचा शर्टही तिथल्या तिथे नजरेने मापून झाला, हे त्याला कळले नाही.

फिल्म घेऊन धाकटी कारखान्यात आली, तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. तिने ती ट्रायल रूममधल्या दिव्यासमोर धरली.

"आई, हे तुमचं सातवं हाड. आणि त्याच्या उजव्या बाजूला हे दिसतंय? बारीक, वाकडं?"

"घडी पडली असेल फिल्मला."

"बरगडी आहे ती. मानेला बरगड्या नसतात, त्या छातीच्या हाडांपासून सुरू होतात. पण तुमच्या सातव्या हाडाला आईच्या पोटात असतानाच वाटलं की आपण छातीचं हाड आहोत, आणि त्याने स्वतःची एक बरगडी काढली. दोनेकशे माणसांत एखाद्यालाच असते."

मोठ्या बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "माझ्या अंगातलं हाड पायरी सोडून वागलं? आमच्या घराण्यात कोणाच्या अंगात काही जास्तीचं नाही."

"दोनेकशे माणसांत एक, आई."

हे दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू विरला. त्यांनी फिल्म सुनेच्या हातातून घेतली, पुन्हा दिव्यासमोर धरली, आणि काहीतरी आठवून टेबलाच्या खणातून स्वतःच्या पोलक्याचा कागदी नमुना काढला. त्या जन्मभर उंच कॉलरचे पोलके घालत आल्या होत्या, आणि ते स्वतःच बेतत. नमुना त्यांनी मधोमध दुमडला. उजवी बाजू डावीपेक्षा दोऱ्याभराने मोठी निघाली.

"बघ," त्या हळूच म्हणाल्या. "इतकी वर्षं मी कापडाला दोष देत होते."

संध्याकाळपर्यंत बातमी सर्वांना कळली, कारण मोठ्या बाईंनी ती सर्वांना बोलावून सांगितली. थोरल्याला हुकूम झाला की त्याने उद्याच्या उद्या एक्स-रे काढून यावे. घराण्याची वस्तू पुढे कोणाकडे गेली ते पाहायला हवे. थोरला गेला, कपाळावर घाम घेऊन परत आला, आणि त्याच्या मानेत सात साधी हाडे आणि दुसरे काहीही नाही असे निष्पन्न झाले.

"वाटलंच होतं," मोठ्या बाई म्हणाल्या.

"माझा काय दोष, आई?"

"दोष कोण म्हणतंय? साध्याच माणसांच्या जिवावर जग चालतं. कफ झाले का?"

आणि त्यांनी आपल्या मानेची फिल्म कारखान्याच्या दर्शनी खिडकीत, सर्वांत चांगल्या शर्टाच्या शेजारी टांगायला लावली. येणारे-जाणारे थबकून पाहत. काहींना वाटे, ही नव्या पद्धतीच्या हँगरची जाहिरात असावी.

धाकटी मात्र पुस्तके चाळत बसली. दोन दिवसांनी ती कापणीच्या टेबलाशी आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आई, तुमच्या उजव्या हाताला कधी मुंग्या येतात का? करंगळीला?"

"मुळीच नाही."

"जरा मनगट द्या."

"कशाला?"

"तुम्हीच म्हणालात ना, विज्ञानाला नाही म्हणणार नाही?"

मोठ्या बाईंनी मनगट दिले, कारण शब्द दिला होता. धाकटीने फीत बाजूला सरकवून नाडीवर बोट ठेवले. "आता नेहमीसारख्या उभ्या राहा."

मोठ्या बाई नेहमीसारख्या उभ्या राहिल्या. छाती पुढे, खांदे मागे आणि खाली. धाकटीने डोळे मिटले, उघडले, बोट थोडे हलवले, पुन्हा मिटले.

"आई, तुम्ही ताठ उभ्या राहिलात की तुमची नाडी लागत नाही."

"लागत नाही म्हणजे? मी जिवंत आहे!"

"आहात. पण ती जास्तीची बरगडी आहे ना, तिच्यावरून हाताची नस जाते. खांदे मागे-खाली ओढले की ती नस आणि तिच्या शेजारची रक्ताची नळी चिमटीत सापडतात. बोटं बधिर होतात. हातातून..." तिचे डोळे फितीवर गेले. "हातातून वस्तू पडतात."

मोठ्या बाईंनी मनगट सोडवून घेतले. फीत होती तिथे परत ओढली. मग विचारले, "कापून काढायची का ती?"

"ते डॉक्टर सांगतील. मागच्या दाराने जाऊ या."

हाडांचे डॉक्टर मोठ्या बाईंनीच कापलेल्या कॉलरमध्ये बसले होते. त्यांनी फिल्म पाहिली, हात पाहिला, आणि कापाकापी करण्याची गरज नाही असे सांगितले. "दोन गोष्टी करा. पहिली, हे असं कवायतीसारखं उभं राहणं सोडा. खांदे सैल. दुसरी, दिवसातून तीनदा व्यायाम. दोन्ही खांदे वर उचला, असे, कानांपर्यंत. आणि सोडून द्या."

डॉक्टरांनी करून दाखवले. मोठ्या बाईंनी ते पाहिले.

"दुसरा काही इलाज?" त्यांनी विचारले. "कडू औषध? सुई?"

"नाही."

"डॉक्टर, आमच्या घरात खांदे उडवत नाहीत."

डॉक्टरांनी पुन्हा खांदे उडवले. मोठ्या बाई खुर्चीवरून उठल्या आणि कॉलर त्यांचीच असल्यामुळे तेवढी नीट करून देऊन बाहेर पडल्या.

तरीही त्या व्यायाम करू लागल्या. ट्रायल रूमचा पडदा ओढून, आरशाकडे पाठ करून. कारण आरशातल्या बाईने आपल्याला खांदे उडवून दाखवावेत हे त्यांना सहन होईना. थोरल्या सुनेने एकदा पडद्याच्या फटीतून पाहिले आणि नवऱ्याला घाबऱ्या घाबऱ्या सांगितले, "अहो, आईंच्या अंगात काहीतरी संचारलंय. भिंतीशी वाद घालताहेत. आणि हरताहेत!"

बोटे मात्र सुधारू लागली. एकट्याने, खांदे सैल सोडून कापताना करंगळी त्यांचीच राही. अडचण एवढीच होती की चार माणसांसमोर खांदे सैल सोडणे त्यांना मरणप्राय होते. कोणी पाहत आहे म्हटले की पाठ आपोआप ताठ होई, आणि ताठ झाली की बोटे निघून जात.

त्यातच बँडमास्टर आला.

शहरातल्या मोठ्या बँडचा तो प्रमुख. उभी हयात व्हायोलिन हनुवटीखाली धरल्यामुळे त्याची मान डावीकडे कललेली होती, आणि कोणत्याही शिंप्याची कॉलर त्याला दुपारपर्यंत चावू लागे. स्वभावाने किरकिरा; पण कॉलर पसंत पडली तर सगळ्या बँडचे शर्ट तो इथेच टाकणार होता. कापड त्याने स्वतःचे आणले होते, कोणा परदेशी चाहत्याने दिलेले, जेमतेम एका शर्टापुरते. चूक झाली तर दुसरा तुकडा जगात नाही असे त्याने दोनदा बजावले, आणि खुर्ची ओढून टेबलासमोरच ठाण मांडले.

"मी कापताना पाहणार."

"पाहा," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि त्यांची पाठ ताठ झाली.

धाकटी तेव्हा खिडकीतली फिल्म नोंदीसाठी पुन्हा पाहायला आली होती. थोरला कफ सोडून टेबलाच्या टोकाशी येऊन उभा राहिला. मोठ्या बाईंनी खडूने कललेल्या मानेची रेघ आखली. ती पाहून बँडमास्टरच्या चेहऱ्यावर प्रथमच काहीतरी हसल्यासारखे उमटले. मग त्यांनी कात्री घेतली.

"आई, फीत काढा ना," थोरला म्हणाला. "नाजूक कापड आहे, घासेल."

बरोबर होते. त्यांनी फीत सोडली. पहिला काप सुरेख गेला. रेघेच्या वळणाशी, जिथे कॉलर खाली उतरून टोकाकडे वळते, तिथे करंगळी गेली. मागोमाग तिची शेजारीण गेली. कात्रीचे वरचे पाते हलले. मोठ्या बाईंनी हात जिथल्या तिथे थांबवला. पुढे गेले तर रेघ चुकणार. कात्री खाली ठेवावी तर ती ठेवताना पडणार. आणि पडली की त्यांचाच शब्द त्यांच्यासमोर उभा राहणार.

"काय बाई," बँडमास्टरने विचारले, "जमेल ना?"

मोठ्या बाईंनी दोन्ही खांदे कानांपर्यंत नेले आणि सोडून दिले.

जवळचे मशीन थांबले. मग त्याच्या मागचे. मग एकेक करून सगळी रांग थांबली. इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली.

"आई!" थोरला कसाबसा म्हणाला. "तुम्ही खांदे उडवलेत!"

"उडवले. परत उडवते. बघ." आणि त्यांनी परत उडवले, डाव्या हाताने कापड घट्ट धरून ठेवीत. "धाकटे, ती फिल्म आण इकडे. धर वर, सगळ्यांना दिसू दे. हे माझं सातवं हाड. याने आगाऊपणा करून ही बरगडी काढली. मी ताठ उभी राहिले की हिच्यावर हाताची नस चिमटते आणि बोटं जातात. खांदे उडवले की परत येतात. मी खिडकीत मिरवली ती हीच." त्या क्षणभर थांबल्या. मग कोणी न विचारताच म्हणाल्या, "कात्री एकदा पडलेली आहे. इथेच. तुम्हाला अवेळी चहाला पाठवलं होतं, त्या दिवशी."

सगळ्यांना ते वाक्य पाठ होते. सगळे थोरल्याकडे पाहू लागले.

थोरल्याच्या मानेचा जो काही अंश होता तो लाल झाला. "मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"पडलेली. मी काज-मशीनच्या मागे दोरा ओवत होतो. तुम्ही पाय ठेवलात ते पाहिलं मी."

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. चौपन्न वर्षांचा हा माणूस जन्मभर ज्या एका वस्तूच्या पडण्याची वाट पाहत होता, ती त्याच्या डोळ्यांदेखत पडली होती. आणि हा मुकाट्याने चहाला गेला होता.

"मग बोलला का नाहीस?"

थोरल्याने तोंड उघडले. मिटले. धाकटीकडे पाहिले, बँडमास्टरकडे पाहिले, छताकडे पाहिले. आणि मग आयुष्यात प्रथमच, आईच्या डोळ्यांसमोर, त्याने दोन्ही खांदे वर नेले आणि सोडून दिले.

इस्त्रीवाल्याने डोळे मिटून घेतले.

मोठ्या बाईंनी त्याला पायांपासून खांद्यांपर्यंत नजरेने मापले. त्यांच्या हनुवटीशी काहीतरी थरथरले. पण दिव्याकडे त्यांची पाठ होती, त्यामुळे कोणी नक्की सांगू शकत नाही.

"अर्धवट," त्या अखेर म्हणाल्या. "कानांना लागले पाहिजेत. पुन्हा कर."

त्याने पुन्हा केले.

"हं."

मग त्यांनी करंगळी हलवून पाहिली, खांदे सैल सोडले, सगळ्यांच्या देखत किंचित पोक काढला, आणि वळणापासून टोकापर्यंत कात्री एका दमात नेली. रेघ अर्धी पात्याच्या या बाजूला, अर्धी त्या बाजूला. बँडमास्टर खुर्चीवरून उठून वाकला, आणि कललेल्या मानेने ती कॉलर त्याने बराच वेळ निरखली. "ही चावणार नाही," तो म्हणाला. त्याच्या तोंडून निघालेली ही सर्वांत मोठी स्तुती असावी, कारण तेवढ्यानेच तो दमला.

"बँडचे शर्ट?" मोठ्या बाईंनी विचारले.

"सगळे."

"मग मशीन का बंद आहेत?"

सगळी रांग एकदम सुरू झाली. त्या धडधडाटात धाकटी हळूच म्हणाली, "आई, तुमची मान माझ्या शोधनिबंधात येणार. 'वय शहात्तर, स्त्री, उजवी बाजू' एवढंच छापतात."

"एवढंच? आणि कॉलर कापते ते?"

"ते विज्ञानाला लागत नाही."

"घाल तरी. ज्याला लागेल तो वाचेल."

उरलेल्या कापडाचा तुकडा टेबलावर पडला होता. कॉलरच्या खाली जी अरुंद पट्टी बसते, जिच्यावर सगळी कॉलर उभी राहते, ती अजून कापायची होती. मोठ्या बाईंनी कात्री उचलली, तिचे तोंड स्वतःकडे वळवले आणि मूठ थोरल्यासमोर धरली.

"टेबल सोडलेलं नाही मी," त्या म्हणाल्या. "कॉलर माझीच. पट्टी तू काप."

थोरल्याने कात्री घेतली. ती त्याला वाटली होती त्याहून जड होती. त्याने श्वास घेतला, आईसारखी छाती पुढे काढली, खांदे मागे ओढले, आणि नसलेली मान शक्य तितकी ताठ केली.

"अरे, ते सोड आता!" मोठ्या बाई गरजल्या. "खांदे सैल! दुसरं कापड नाहीये!"